भीमगीताची चोरी, कॉपीराइटचं सर्टिफिकेट आणि स्टुडिओची पावती

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘मी नांदेड जिल्ह्यातला. भीमगीतं स्वतः लिहितो, चाल लावतो, गातो. जयंतीला काढलेलं गाणं आठवडाभरात चार-पाच परक्या चॅनलवर गेलं. डीजेवाल्यांनी माझं नाव कापून मिक्स केलं. मोबाइलच्या दुकानात पेनड्राइव्हमध्ये भरून विकतात. एक एजंट म्हणतो, १५ हजार द्या, कॉपीराइट करून देतो, मग कुणी हात लावणार नाही. स्टुडिओवाला म्हणतो, रेकॉर्डिंग माझ्याकडे झालं, हक्क माझा. काय करू?’

जय भीम. आधी एजंटाचं बोलणं बाजूला काढू. कॉपीराइट कुणी ‘करून’ देत नाही. तुम्ही गाणं लिहिलं, वहीत उतरवलं किंवा मोबाइलमध्ये गाऊन ठेवलं, त्याच वेळी तो तुमचा झाला. १९५७चा कॉपीराइट कायदा नोंदणीची सक्ती करत नाही, आणि दावा लावायला नोंदणी लागतेच असं नाही, हे मुंबई उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. आणि ‘कुणी हात लावणार नाही’ हे तर साफ खोटं. सर्टिफिकेट घरात फ्रेम करून लावलं तरी गाणं उचलणारा उचलतोच, त्याला ते दिसतही नाही.

मग नोंदणी कशाला? पुराव्याला. आपल्याकडे सातबाऱ्याचं जे आहे तेच इथं समजा. सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून जमीन तुमची होत नाही, पण नाव असलं की ‘नाही’ म्हणणाऱ्यानं सिद्ध करायचं. कायद्याचं ४८वं कलम नोंदवहीतल्या उताऱ्याला तेवढंच वजन देतं: प्रथमदर्शनी पुरावा. समोरचा तो खोडून काढू शकतो, पण ओझं त्याच्यावर. ठाण्यात तक्रार घेऊन गेलात की पहिला प्रश्न ‘सर्टिफिकेट आहे का?’ हाच येतो. कायद्यानं ते लागत नाही हे तिथं उभं राहून समजावत बसण्यापेक्षा कागद पुढं केलेला बरा. म्हणून मी नोंदणी करा असंच सांगतो, पण ती दुसरी पायरी. पहिली पायरी तुमच्या प्रश्नातल्या स्टुडिओवाल्याच्या वाक्यात आहे, आणि तिच्याकडे तुमचं फारसं लक्ष दिसत नाही.

माझ्याकडे छत्रपती संभाजीनगरला शाहीर, कीर्तनकार, गोंधळी, लग्नाचे फोटोग्राफर, बॅनर डिझाइन करणारी पोरं असे लोक कागदपत्रं घेऊन येतात. बहुतेकांचं भांडण चोराशी सुरू होतं आणि अडकतं मात्र स्वतःच्याच माणसांपाशी: स्टुडिओवाला, ट्रॅक बनवणारा, चॅनलवाला. कारण एका गाण्यात हक्क एक नसतो. शब्द ही साहित्यकृती, तिचा कर्ता गीतकार. चाल ही संगीतकृती, तिचा कर्ता संगीतकार. रेकॉर्डिंग ही तिसरी वस्तू, आणि तिचा कर्ता कायद्याच्या भाषेत ‘निर्माता’. गायकाचे कलावंत म्हणून हक्क चौथे, ते ३८ आणि ३८-अ कलमात आहेत. व्हिडिओ काढला असेल तर तो पाचवा. शब्द, चाल आणि आवाज तुमचा, म्हणजे यातले तीन तर निर्विवाद तुमचे. राहिले रेकॉर्डिंग आणि व्हिडिओ.

रेकॉर्डिंगचा निर्माता म्हणजे ज्यानं पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली तो. माइक कुणाचा, खोली कुणाची, कॉम्प्युटरवर कुणाचा हात होता, यावर ते ठरत नाही. तुम्ही ताशी किंवा गाण्यामागं ठरलेले पैसे मोजले असतील, वादक तुम्ही बोलावले असतील, तर स्टुडिओवाल्यानं काम करून दिलं आणि मोबदला घेतला, इतकंच. हक्क तुमचा. पण ‘भाऊ, पैसे राहू द्या, माझ्या चॅनलवर टाकू’ असं ठरलं असेल आणि खर्च त्यानं केला असेल, तर त्याच्या म्हणण्यात दम आहे. तुम्ही पैसे कसे दिले ते प्रश्नात लिहिलेलं नाही. फोनपेनं दिले असतील तर त्या नोंदी आजच उतरवून ठेवा. रोख दिले असतील तर त्याच्याकडून आता पावती मागा, भांडण पेटायच्या आधी. पावतीवर गाण्याचं नाव आणि ‘रेकॉर्डिंग व मिक्सिंगचा पूर्ण मोबदला मिळाला’ एवढे शब्द हवेत.

व्हिडिओचं सोपं आहे. पैसे देऊन कुणाकडून फोटो काढून घेतला किंवा चित्रफीत बनवून घेतली, तर वेगळा करार नसेल तेव्हा पहिला मालक पैसे देऊन काम सांगणारा असतो. १७व्या कलमात ते आहे. म्हणजे शूटिंगवाल्यानं तुमच्या पैशानं काढलेला व्हिडिओ स्वतःच्या चॅनलवर ‘आपलं काम’ म्हणून टाकला तर तुम्ही तो उतरवायला सांगू शकता. (कीर्तनाच्या मंडपात गोष्ट वेगळी होते. तिथं कॅमेरा ना महाराजांनी बोलावलेला असतो ना मंडळानं, कुणीतरी चॅनलवाला स्वतःच येऊन उभा राहतो. तिथं महाराजांचा कलावंत म्हणून हक्क पुढं करावा लागतो: माझ्या संमतीशिवाय माझ्या सादरीकरणाचं रेकॉर्डिंग नाही.)

कीबोर्डवर ट्रॅक बांधणाऱ्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. त्यानं इंट्रो बनवलं, मधले म्युझिक पीस बनवले, ती त्याची निर्मिती आहे. आज तो मित्र आहे, गाणं चाललं की मित्र राहीलच असं नाही. त्याच्याकडून लेखी हस्तांतर घ्या. हक्काचं हस्तांतर तोंडी होत नाही, कागद आणि सही लागतेच. मजकूर असा चालेल: ‘अमुक या गाण्यासाठी मी केलेल्या संगीत संयोजनाचे सर्व हक्क, कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी, संपूर्ण जगासाठी, रुपये अमुक इतक्या मोबदल्यात अमुक यांना लेखी देत आहे. श्रेयनामावलीत माझं नाव राहील.’ खाली तारीख, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. साक्षीदार कायद्यानं लागत नाहीत, पण आपल्याकडे उपयोगी पडतात. शंभरचा बाँड आणू नका, महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून करारासाठी किमान ५०० चा लागतो.

मुदत आणि प्रदेश हे दोन शब्द गाळू नका. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. ट्रॅकवाल्याच्या कागदात हा नियम तुमच्या अंगावर येतो. पण तुम्ही कधी एखाद्या कंपनीला पाच-दहा हजारांत गाणी दिली असतील आणि त्या कागदावर मुदत नसेल, तर हाच नियम तुमच्या कामाचा आहे. जुनी कागदपत्रं पेटीतून काढा आणि वाचा. ‘कायमस्वरूपी’ हा शब्द असेल तर पाच वर्षांचा नियम लागू होत नाही. घेणाऱ्यानं वर्षभरात तो हक्क वापरलाच नाही आणि करारात तसं वेगळं काही लिहिलेलं नाही, तर तो हक्क परत येतो, हेही त्याच १९व्या कलमात आहे. २०१२च्या दुरुस्तीनं आणखी एक मोठी गोष्ट दिली: रेकॉर्डिंगचा हक्क विकला तरी गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला समान वाटा विकला जात नाही. ‘मी रॉयल्टी मागणार नाही’ असं लिहून घेतलं असेल तरी ते वाक्य कायद्यापुढं टिकत नाही. ही रॉयल्टी गोळा करायला गीतकार-संगीतकारांसाठी आयपीआरएस ही संस्था आहे, गायकांसाठी इसाम्रा (आधीचं नाव इस्रा). मराठवाड्यातले गीतकार तिथं फारसे दिसत नाहीत, याचं मला दरवेळी वाईट वाटतं. चोरीच्या मागं धावण्यात जेवढा जीव जातो त्याच्या निम्मा सभासद होण्यात घातला तर हातात काही पडण्याची शक्यता जास्त.

आता एक अवघड प्रश्न विचारतो, राग मानू नका. चाल खरंच तुमची आहे का? आपल्याकडे भीमगीत असो, भजन असो, नाहीतर गणपतीचं गाणं, गाजलेल्या सिनेमाच्या गाण्यावर शब्द बसवायची मोठी परंपरा आहे. गावच्या चौकात ते चालून जातं. नोंदणीत आणि यूट्यूबवर नाही. चाल सिनेमातली असेल तर तुमचे फक्त शब्द नोंदवा. संगीताचा अर्ज करू नका आणि दुसऱ्याच्या चॅनलवर संगीताच्या नावानं तक्रारही करू नका, कारण चौकशी उलटी तुमच्याकडे येईल. इंटरनेटवरून विकत घेतलेल्या किंवा फुकट मिळालेल्या बीटचंही तसंच. तोच बीट आणखी शेकडो जणांकडे असतो.

चाल पारंपरिक असेल तर? जात्यावरची ओवी, गोंधळाची चाल, वासुदेवाचं गाणं, पैठणच्या नाथांचं भारूड यांवर कुणाचाच कॉपीराइट नाही. परभणीकडून एक ताई आजीच्या ओव्या ‘रजिस्टर’ करायला आल्या होत्या. ओव्या नोंदवता येत नाहीत, पण त्यांनी केलेलं संकलन, त्यावरच्या टिपा आणि त्यांनी केलेलं रेकॉर्डिंग हे त्यांचं आहे. जुन्या शब्दांना तुम्ही नवी चाल लावली तर ती चाल तुमची. एवढा हिशेब अर्जातच मांडावा लागतो. सोबतच्या तपशील-पत्रकात कृती स्वतंत्र आहे, भाषांतर आहे, की कशाचं रूपांतर आहे, हे सरळ विचारलेलं असतं.

अर्जाची पद्धत अजिबात गूढ नाही. कॉपीराइट कार्यालय दिल्लीत द्वारकेला आहे, पण जायची गरज नाही. त्यांच्या संकेतस्थळावर खातं उघडून फॉर्म चौदा भरायचा. शब्दांसाठी ५०० रुपये, चालीसाठी ५००, रेकॉर्डिंगसाठी २,०००, व्हिडिओ चित्रपट म्हणून नोंदवायचा तर ५,०००. प्रत्येक प्रकारचा अर्ज वेगळा. पैसे भरले की डायरी नंबर, म्हणजे अर्जाचा नोंद क्रमांक, मिळतो. लोक त्यालाच सर्टिफिकेट समजून व्हॉट्सॲपवर फिरवतात, ते सर्टिफिकेट नव्हे. त्यानंतर ३० दिवस हरकतीसाठी थांबतात. कुणी हरकत घेतली नाही तर तपासणी होते, काही कमी असेल तर त्रुटीचं पत्र येतं. त्या पत्राला मुदतीत उत्तर दिलं नाही म्हणूनच अर्ज बुडतात. अर्जावर ईमेल स्वतःचा टाका, एजंटाचा किंवा भाच्याचा नको. सर्टिफिकेट हातात यायला काही महिने लागतात. ज्यांचा हक्क थोडाही गुंतलेला आहे त्यांना अर्जाची माहिती द्यावी लागते, त्यांची ना-हरकत जोडावी लागते. तो ट्रॅकवाल्याचा कागद इथं पुन्हा लागतो. सुट्या गाण्यांचे सुटे पैसे परवडत नसतील तर पंचवीस-तीस गीतांची एक पुस्तिका करून तिचा साहित्यकृती म्हणून एकच अर्ज टाका. एजंटाचे १५ हजार कशाचे, ते आता तुम्हीच बघा.

स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर पोस्टानं पाकीट पाठवून ते न फोडता ठेवायचं, हा सल्ला अजून फिरतो. त्याच्या नादी लागू नका. त्यापेक्षा पहिल्यांदा चाल गुणगुणली तो व्हॉइस मेसेज, वहीचं पान, स्टुडिओतली मूळ प्रोजेक्ट फाइल, ईमेलवर तारखेसह पाठवलेले शब्द हे जपा. मोबाइल बदलताना हेच जातं. न्यायालयात असा इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर सोबत प्रमाणपत्र लागतं. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३व्या कलमाखाली द्यावं लागतं.

आता चोरांकडे येऊ. सगळ्यांना एकच दांडा लावू नका.

परक्या चॅनलवर जसंच्या तसं टाकलेलं गाणं उतरवणं सर्वांत सोपं. यूट्यूबच्या कॉपीराइट तक्रारीच्या फॉर्ममध्ये तुमचं मूळ गाणं, त्यांचा दुवा, हक्क कोणता, हे भरायचं. सर्टिफिकेट नसलं तरी तक्रार जाते. ओळखीतल्या पोरानं टाकलं असेल तर सात दिवसांची मुदत देण्याचा पर्याय निवडा. तो स्वतः काढेल, त्याच्या चॅनलवर स्ट्राइक, म्हणजे यूट्यूबचा नियमभंगाचा ठपका, बसणार नाही. मुद्दाम पैसे कमावणाऱ्याला मुदत देऊ नका. समोरच्यानं प्रतिदावा केला तर तुम्हाला दहा कामकाजाच्या दिवसांत न्यायालयात गेल्याचा पुरावा द्यावा लागतो, नाहीतर व्हिडिओ परत येतो. नोंदणीचा कागद तेव्हा वकिलाचं काम हलकं करतो. डाउनलोडच्या साइट आणि असे इतर मध्यस्थ यांना २०१३च्या नियमावलीतल्या ७५व्या नियमाखाली लेखी तक्रार करता येते. त्यांनी ३६ तासांत मजकूर बंद करायचा, आणि तुम्ही २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणायचा. आदेश आला नाही तर ते पुन्हा सुरू करू शकतात, म्हणून हा मार्ग अर्ध्या तयारीनं धरू नये.

डीजेवाल्यांचं जरा वेगळं. लग्नाच्या वरातीत गाणं वाजलं तर कायदा त्याला भंग मानत नाही, ५२व्या कलमात वरातीचा स्पष्ट उल्लेख आहे. पण गाण्याचं मिक्स बनवून स्वतःच्या नावाचा पुकारा घालून ते चॅनलवर टाकणं वेगळं, तिथं परवानगी लागते. तुमचं नाव कापणं हा तर स्वतंत्र मुद्दा आहे. कर्त्याचं नाव लावून घेण्याचा हक्क ५७व्या कलमात आहे, आणि तो सगळे हक्क विकल्यावरही तुमच्याकडेच राहतो. माझं वैयक्तिक मत: डीजेशी वैर धरू नका. नांदेड-हिंगोली-लातूर पट्ट्यात गाणं गावोगाव पोचवतं कोण, तर तेच. त्यांना लेखी परवानगी द्या, अट एकच की गीतकार-गायकाचं नाव आणि तुमच्या चॅनलचा दुवा राहिला पाहिजे. जो अट पाळत नाही त्याच्यावर तक्रार करा. सगळ्यांवर एकदम तक्रार केली तर पुढच्या जयंतीला तुमचं गाणं कुणी वाजवणार नाही.

पेनड्राइव्ह भरून देणारा दुकानदार हा फौजदारीचा विषय. ६३व्या कलमात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सांगितलं, म्हणजे पोलिसांना ‘आम्हाला अधिकार नाही’ म्हणता येत नाही. उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाचा अधिकारी वॉरंटशिवाय माल जप्त करू शकतो. तरी ठाण्याच्या पायऱ्या चढण्याआधी एक नोटीस पाठवून बघा. तालुक्याच्या ठिकाणचा दुकानदार नोटिशीनंच थांबतो, आणि उद्या गावात तुम्हाला त्याच रस्त्यानं जायचं असतं. नोटीस मात्र खऱ्या हक्काची हवी. उगाच धमकावलं तर समोरचा ६०व्या कलमाखाली उलटा तुमच्यावर दावा आणू शकतो.

दिवाणी दावा लागलाच तर मुंबई-दिल्लीच्या चॅनलसाठी तिकडं जावं लागत नाही. ६२व्या कलमानं हक्कधारक राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा चालतो, म्हणजे तुमचं नांदेड. दाव्याचं मूल्य ३ लाखांच्या वर असेल आणि तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मध्यस्थी करावी लागते. ती टाळायची गोष्ट समजू नका, चॅनलवाल्याला टेबलावर बसवायला तीच जागा चांगली आहे.

तुमच्यापुरतं सांगायचं तर स्टुडिओची पावती आणि ट्रॅकवाल्याची सही या आठवड्यात घ्या. त्या आल्या की शब्द आणि चाल यांचे दोन अर्ज टाका, एक हजारात काम होईल. रेकॉर्डिंगचे दोन हजार गाणं चालतंय असं दिसलं तरच घाला. आणि पुढच्या एप्रिलचं गाणं रेकॉर्ड करायच्या आधी, शब्द आणि साधी गायलेली चाल तयार झाली की ‘अप्रकाशित’ म्हणून अर्ज करा. अप्रकाशित कृतीही नोंदवता येते, आणि मग स्टुडिओत शिरताना डायरी नंबर तुमच्या नावावर असतो.